मैदानाची रचना आणि विजेत्याचे कौशल्य : ‘इंडियन ओपन’विषयी एक विचार

भिवंडीच्या यंत्रमागावर फणीच्या रुंदीबाहेर कापड जाऊ शकत नाही. विणकराचे कसब त्या मर्यादेतच प्रकट व्हावयाचे असते. गोल्फच्या मैदानाचे व खेळाडूचे नाते काहीसे असेच आहे. ‘इंडियन ओपन’ ह्या स्पर्धेचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नामावळीतून सांगितला जातो. तो मैदानांच्या रचनेतून वाचला, तर निराळे प्रश्न उभे राहतात.

ही स्पर्धा १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबवर प्रथम खेळली गेली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ऑस्ट्रेलियन खेळाडू पीटर थॉमसन हेच पहिले विजेते ठरले. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास हौशी खेळाडू बिल्लू सेठी ह्यांनी ती जिंकली. भारतीय व्यावसायिकास मात्र १९९१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी दिल्लीस विजयी झालेले अली शेर हे त्याच मैदानावर पूर्वी कॅडी होते. १९९३ साली त्यांनी पुन्हा यश मिळविले.

ह्यावरून असे अनुमान सहज निघते की, दिल्लीचे मैदान हे तेथील वहिवाट असलेल्यांनाच अनुकूल आहे. लोदीकालीन वास्तूंच्या सान्निध्यातील ह्या मैदानाच्या फेअरवे अरुंद असून दोहों बाजूंस दाट झुडपे आहेत. आडवा गेलेला चेंडू बहुधा परत हाती लागत नाही. साहजिकच येथे बाहुबलापेक्षा दिशेचा संयम मोलाचा ठरतो. २०१५ साली पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी व २०१६ साली एस. एस. पी. चौरासिया येथेच विजयी झाले.

२०१७ साली स्पर्धा गुरुग्राम येथील, गॅरी प्लेअर ह्यांनी आखलेल्या डी.एल.एफ. मैदानावर गेली. तेथील अडचण झाडीची नव्हे, तर घडविलेल्या भूमीची आहे : खोल बंकर, तीव्र चढउतारांची ग्रीन, लांब अंतरे. वरील अनुमान खरे असते, तर येथे चौरासिया मागे पडावयास हवे होते. प्रत्यक्षात ते सात फटक्यांच्या आघाडीने जिंकले. कलकत्त्याच्या मैदानावरील माळ्याच्या ह्या मुलाचे बळ एका जागेच्या परिचयात नव्हते. ग्रीनजवळच्या अचूक खेळात होते. उलटपक्षी, २०२५ साली ‘इंडिया चॅम्पियनशिप’ ह्या दुसऱ्या स्पर्धेत दिल्लीच्याच अरुंद मैदानावर इंग्लंडचे टॉमी फ्लीटवुड पारपेक्षा २२ फटके कमी खेळून विजयी झाले.

तात्पर्य, मैदान कोणत्या देशाचा खेळाडू जिंकेल हे ठरवीत नाही. कोणत्या गुणाचा जिंकेल हे ठरविते. म्हणून केवळ लांबी वाढविणे म्हणजे रचनेचा विकास, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. लांबीला ताकद लागते व ताकदीच्या जोपासनेस साधने लागतात. अचूकपणा मात्र उधार मागितलेल्या काठीनेही साधता येतो. कॅडीच्या मुलास कोणते मैदान दार उघडे ठेविते, हा प्रश्न रचनाकाराच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.