भाव वधारलेला खेळाडू

आपल्यापैकी बरीच मंडळी सिटीत नाहीतर कॅनरी वॉर्फला नोकरीला आहेत. मीही त्यातलाच, रोज दुसऱ्यांच्या पैशांची जोखीम मोजणारा. मुलाच्या हट्टाखातर फुटबॉल बघायला लागलो, तेव्हा खेळाआधी व्यवहारच नजरेत भरला. आणि त्या दृष्टीने ब्रेंटफर्डसारखा क्लब नाही! हाउन्स्लोच्या वाचकांना क्यू ब्रिजजवळचं त्यांचं मैदान ठाऊक असेलच.

मालक मॅथ्यू बेनहॅम हा ऑक्सफर्डचा भौतिकशास्त्राचा पदवीधर. आधी सिटीत नोकरी, मग सट्ट्याचा धंदा. २००४ साली त्याने सामन्यांचे अंदाज आकडेमोडीने बांधणारी स्मार्टऑड्स ही कंपनी काढली आणि २०१२ साली लहानपणापासूनचा आवडता क्लब ताब्यात घेतला. त्याची पद्धत दलाल स्ट्रीटवरच्या कोणालाही कळेल: बाजाराने ज्याला कमी लेखलंय ते घ्यायचं, भाव वधारला की मोह सोडून विकायचं. ऑली वॉटकिन्स २०१७ साली एक्झिटरहून सुमारे १८ लाख पौंडांना आणला आणि २०२० साली अ‍ॅस्टन व्हिलाला २ कोटी ८० लाखांना विकला. त्याच्या जागी आलेल्या इव्हान टोनीने पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३१ गोल केले, आणि मे २०२१ मध्ये क्लब ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत पोहोचला.

विकायची घाई का, तर १९९५ च्या बोसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो. म्हणजे खेळाडू हा शेअरपेक्षा मुदत असलेल्या ऑप्शनसारखा. रोज थोडा थोडा विरघळणारा!

इथवर तुलना झकास जमते. पण शेअर स्वतःचा भाव पेपरात वाचत नाही. खेळाडू वाचतो, आणि त्याचा एजंट तर रोज वाचून दाखवतो.

योआन विस्साचंच बघा. २०२१ साली लोरियांहून आलेल्या या खेळाडूने २०२४-२५ मध्ये लीगमध्ये १९ गोल केले. जोडीदार ब्रायन म्ब्युमो मँचेस्टर युनायटेडला गेला, प्रशिक्षक थॉमस फ्रँक टॉटनहॅमला. यालाही न्यूकॅसलचे वेध लागले. पोर्तुगालमधलं सराव शिबिर सोडून तो परतला, मोसम सुरू झाला तरी मैदानात नाही, आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस जाहीर निवेदन काढलं, की योग्य किंमत आली तर सोडू असा शब्द क्लबने दिला होता.

आता तुम्ही म्हणाल, क्लबने वर्षानुवर्षं माणसं विकून नफा कमवायचा आणि निष्ठेची अपेक्षा खेळाडूकडून? मुद्दा बिनतोड आहे. ज्या क्लबने स्वतः बाजार मांडला, त्याने भावनेचं भांडवल करू नये. विस्साने जाण्याची इच्छा धरली यात मला काहीच वावगं वाटत नाही. वावगं आहे ते सहकाऱ्यांना सोडून बसणं. त्यांनी काय बिघडवलं होतं? २०२० साली वॉटकिन्सलाही आपला भाव कळत होताच. तरी फुलहॅमविरुद्धच्या हरलेल्या वेम्बली फायनलपर्यंत तो खेळला, मग गेला. महत्त्वाकांक्षा दोघांची सारखीच, रीत वेगळी. (आपल्याकडे आयपीएलमध्ये तर ‘ट्रेड’ हाच अधिकृत शब्द. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परतला, आणि २०२४ च्या मोसमात वानखेडेवर आपल्याच कप्तानाची हुर्यो उडाली. सौदा दोन संघांचा, शिव्या एकट्या खेळाडूला!)

खरी गंमत न्यूकॅसलची. त्याच उन्हाळ्यात त्यांचा अलेक्झांडर इसाक असाच अडून बसला होता. अखेर साडेबारा कोटींना लिव्हरपूलने नेला. आणि ती जागा भरायला न्यूकॅसलने १ सप्टेंबरला साडेपाच कोटी मोजून घेतला कोण? विस्सा! काही दिवसांतच काँगोकडून खेळताना त्याचा गुडघा दुखावला आणि डिसेंबरपर्यंत नव्या संघासाठी तो मैदानात उतरला नाही.

इकडे ब्रेंटफर्डने गोल करण्याचं काम इगोर थियागोकडे सोपवलं. २०२४ साली क्लब ब्रुजहून सुमारे ३ कोटींना घेतलेला हा ब्राझीलचा गडी पहिलं वर्ष जवळजवळ सगळं दुखापतीत बसून होता. आमच्या धंद्यात इतका तोट्यात गेलेला सौदा वरिष्ठांनी केव्हाच बंद करायला लावला असता. ब्रेंटफर्डने धरून ठेवला, आणि २०२५-२६ मध्ये त्याने गोलांची रांग लावली. आमच्या घरी त्याच्या नावाची जर्सी आलीय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो तिथेच असेल का, असं मुलगा विचारतो, आणि मी त्याच्या कराराची तारीख शोधत बसतो.