शासकीय संकेतस्थळे, त्रयस्थ सेवा आणि नागरिकाचा खासगीपणा : महागाव तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

शासकीय संकेतस्थळांवर चित्रफिती, नकाशे, अक्षरसंच, अभ्यागतांची मोजणी अशा अनेक कामांसाठी खासगी कंपन्यांच्या सेवा वापरल्या जातात. या सेवांमुळे नागरिकाच्या भेटीची नोंद शासनाबाहेर जाते. संकेतस्थळावरील ‘गोपनीयता धोरण’ याबाबत काय सांगते, काय सांगत नाही आणि महागावसारख्या ग्रामीण तालुक्यात त्याचा अर्थ काय होतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजशब्द : शासकीय संकेतस्थळ, त्रयस्थ सेवा, खासगीपणा, गोपनीयता धोरण, सेवा केंद्र.

१. प्रस्तावना

महागाव हा यवतमाळ जिल्ह्यातील कापूस व सोयाबीन पिकवणारा तालुका आहे. येथील शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध पूर्वी तलाठी, ग्रामसेवक आणि तहसील कार्यालय यांच्यामार्फत येत असे. आज सातबारा ‘महाभूलेख’वर पाहिला जातो, उत्पन्नाचा वा जातीचा दाखला ‘आपले सरकार’वरून मागितला जातो, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’वर भरली जाते आणि २०२१ पासून पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’ या भ्रमणध्वनी उपयोजनातून शेतकऱ्याने स्वतः करावी अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सेवा मिळण्याचा हक्क दिला, आणि त्या हक्काकडे जाणारी वाट बहुतांशी संकेतस्थळातून जाऊ लागली.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ आवडले नाही तर ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. सातबारा मात्र शासनाखेरीज अन्यत्र मिळत नाही. जेथे निवडीला वाव नाही, तेथे विश्वस्ताची जबाबदारी अधिक असते. याच कसोटीवर पुढील विवेचन केले आहे.

२. त्रयस्थ सेवा : स्वरूप व कार्यपद्धती

संकेतस्थळाचे पान वाचकाला एकसंध दिसते. प्रत्यक्षात ते अनेक ठिकाणांहून आणलेल्या तुकड्यांचे बनलेले असते. मंत्र्यांच्या भाषणाची चित्रफीत यूट्यूबवरून येते, कार्यालयाचा पत्ता दाखवणारा नकाशा गूगलकडून येतो, अक्षरांचा साचा आणखी एखाद्या सर्व्हरवरून येतो आणि भेटींची मोजणी एखादी विश्लेषण सेवा करते. पान उघडताच नागरिकाचा ब्राउझर या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र विनंती पाठवतो. त्या विनंतीबरोबर यंत्राचा आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार, वेळ, बहुधा मूळ संकेतस्थळाचा पत्ता आणि आधी ठेवलेली कुकी असल्यास तीही जाऊ शकते. यासाठी नागरिकाने कशावरही टिचकी मारण्याची गरज नसते.

भेटीची नोंद ही क्षुल्लक बाब वाटते. परंतु शासकीय संकेतस्थळावर माणूस कशासाठी जातो, हे पाहिले म्हणजे तिचे गांभीर्य कळते. कोणी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची माहिती शोधतो, कोणी निराधार अनुदानाची, कोणी कर्जमाफीची. कोणते पान उघडले यावरूनच त्या घरातील आजार, वैधव्य वा कर्ज यांचा अंदाज बांधता येतो. फॉर्म भरण्यापूर्वीच माहिती बाहेर गेलेली असते.

३. ‘गोपनीयता धोरण’ या मजकुराची चिकित्सा

भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये प्रसिद्ध केली; त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यांच्या प्रभावाने अनेक शासकीय संकेतस्थळांवर जवळजवळ एकाच छापाचे गोपनीयता धोरण आढळते. हे संकेतस्थळ आपोआप नाव, दूरध्वनी वा ई-मेल गोळा करत नाही. केवळ सांख्यिकीसाठी सर्व्हरचा पत्ता, ब्राउझर, वेळ व पाहिलेली पाने नोंदली जातात. संकेतस्थळास हानी पोहोचवण्याचा प्रयत्न झाल्याखेरीज व्यक्तीची ओळख शोधली जात नाही, असा त्याचा आशय असतो.

या मजकुरात खोटे काही नाही. त्याची उणीव वेगळी आहे. त्याचा कर्ता सर्वत्र ‘हे संकेतस्थळ’ असा आहे. त्याच पानावर बसलेली चित्रफीत किंवा नकाशा काय नोंदवतो, याबद्दल तो मौन बाळगतो. नागरिकाला मात्र पान एकच दिसत असल्याने ‘आम्ही माहिती घेत नाही’ या विधानाचा अर्थ तो ‘येथे कोणीच माहिती घेत नाही’ असा करतो. वाक्य अचूक असूनही वाचकाचा समज चुकीचा ठरतो.

आणखी एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. बाहेरच्या संकेतस्थळाच्या दुव्यावर टिचकी मारली की ‘आपण या संकेतस्थळाबाहेर जात आहात’ अशी सूचना अनेक शासकीय पानांवर दिसते. म्हणजे नागरिक उंबरठा ओलांडून बाहेर निघाला तर त्याला सावध केले जाते. परका मात्र घरात येऊन बसला तर त्याची वार्ता दिली जात नाही. खरे तर दुसरा प्रसंग अधिक सूचनायोग्य आहे, कारण पहिल्यात नागरिकाची स्वतःची कृती असते, दुसऱ्यात नसते.

शब्दयोजनाही विचारात घ्यावी लागते. मराठीत ‘गोपनीयता’ हा शब्द मंत्री घेतात त्या पद व गोपनीयतेच्या शपथेशी जोडलेला आहे. तेथे तो शासनाची गुपिते राखण्याचा अर्थ देतो. येथे अभिप्रेत असलेली संकल्पना ‘खासगीपणा’ ही आहे. खासगीपणात काही लपवायचे असतेच असे नाही. आपल्याविषयी कोणाला किती कळावे हे ठरवण्याचा तो अधिकार आहे. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न ग्रामीण भागात वारंवार ऐकू येतो, त्यास या चुकीच्या शब्दाचाही काही अंशी हातभार असावा.

४. अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेत २००९ च्या प्रारंभी अध्यक्षांच्या संकेतस्थळावर यूट्यूबच्या चित्रफिती बसवल्या गेल्या, तेव्हा त्यासोबत येणाऱ्या कुकींवर टीका झाली. पुढे जून २०१० मध्ये तेथील व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने त्रयस्थ संकेतस्थळे व उपयोजनांच्या वापरासंबंधी स्वतंत्र आदेश काढला. त्रयस्थाचे धोरण आधी तपासावे, त्याची सेवा पानात बसवली असल्यास स्वतःच्या धोरणात तसे जाहीर करावे, आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी आणि त्रयस्थ सेवा न वापरणाऱ्या नागरिकासाठी तीच माहिती शासकीय मार्गानेही उपलब्ध ठेवावी, ही त्याची मुख्य सूत्रे होत.

युरोपातील न्यायनिवाडे याहून पुढे गेले. २९ जुलै २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने फेसबुकचे ‘लाइक’ बटण बसवणाऱ्या एका व्यापारी संकेतस्थळास, माहिती गोळा करून पाठवण्याच्या टप्प्यापुरते, संयुक्त जबाबदार धरले. ८ जानेवारी २०२५ रोजी युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने तर खुद्द युरोपीय आयोगालाच एका जर्मन नागरिकास ४०० युरो भरपाई देण्याचा आदेश दिला. आयोगाच्या प्रवेशपानावर ‘फेसबुकने प्रवेश करा’ हा दुवा होता आणि त्यामुळे त्या नागरिकाचा आयपी पत्ता अमेरिकेतील मेटा कंपनीकडे गेला होता. रक्कम किरकोळ आहे. तत्त्व किरकोळ नाही. परक्याला पानावर जागा देणारी संस्था शासकीय असली तरी तिला हात झटकता येत नाहीत.

५. भारतीय कायद्याची स्थिती

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४३-अ कंपन्या व व्यावसायिक संस्थांपुरते मर्यादित होते. शासकीय विभाग त्याच्या कक्षेत नव्हते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू करण्याची त्यांत तरतूद आहे.

या अधिनियमानुसार संस्थेच्या वतीने विदेवर प्रक्रिया करणाऱ्याच्या कृतीसाठीही मूळ संस्था उत्तरदायी असते. परंतु चित्रफीत पुरवणारी कंपनी मिळालेली नोंद शासनाच्या वतीने नव्हे, तर स्वतःच्या हेतूंसाठी वापरू शकते. अशा त्रयस्थास पानावर जागा देणाऱ्याची जबाबदारी किती, हा युरोपात सुटलेला प्रश्न आपल्याकडे स्पष्टपणे सुटलेला नाही. शिवाय अनुदान, लाभ, दाखले यांसाठी शासनाला विशिष्ट परिस्थितीत संमतीविना विदा वापरण्याची मुभा कलम ७ देते. म्हणून शासकीय संकेतस्थळाने स्वतःहून घालून घेतलेल्या शिस्तीला महत्त्व येते.

६. महागावातील ‘अभ्यागत’ कोण?

वरील सर्व धोरणे एक व्यक्ती, एक यंत्र आणि एक भेट असे चित्र गृहीत धरतात. महागाव परिसरात हे गृहीतक अनेकदा कोसळते. शेतकरी संकेतस्थळास भेट देत नाही. तो सेवा केंद्रास किंवा झेरॉक्सच्या दुकानास भेट देतो. संकेतस्थळास भेट देतो तो केंद्रचालक. एकाच संगणकावर दिवसभरात अनेकांचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले उघडले जातात. कागद व्हॉट्सॲपवर मागवले जातात. उतरवलेल्या फाइली तशाच राहतात. ज्याच्याकडे स्वतःचा भ्रमणध्वनी नाही त्याच्या अर्जात दुसऱ्याचा क्रमांक भरला जाण्याची शक्यता असते, आणि पुढील सर्व संदेश त्या दुसऱ्याकडे जातात. अशा वेळी धोरण ज्याला उद्देशून लिहिले आहे आणि ज्याची माहिती पणास लागली आहे, त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. येथे त्रयस्थ दोन आहेत : एक पानामागचा, दुसरा पानासमोरचा. केंद्रचालकाला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यामुळेच अनेकांना लाभ मिळतो. परंतु त्याच्या कामाची शिस्त कोणत्याही गोपनीयता धोरणात लिहिलेली नसते.

भाषेचा प्रश्नही आहे. २०२३ च्या अधिनियमानुसार सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळू शकते. महागाव-पुसद पट्ट्यातील बंजारा समाजाची गोरमाटी आणि जिल्ह्यातील कोलामी व गोंडी या भाषा त्या अनुसूचीत नाहीत. तेथे लेखी सूचनेपेक्षा तोंडी समजावणीच उपयोगी पडेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने व्हॉट्सॲपवरून ‘आपले सरकार’ सेवा देण्यासाठी मेटा कंपनीशी सहकार्य जाहीर केले. खेड्यापाड्यांत रुळलेल्या माध्यमातून सेवा देणे सोयीचे आहे. पण येथे त्रयस्थ पानाच्या कोपऱ्यात राहत नाही, तोच दरवाजा होतो. संदेशाचा मजकूर कोणाला वाचता येतो हा एक प्रश्न. कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकावरून शासनाशी संपर्क साधला ही नोंद कोणाकडे राहते, हा दुसरा. दोहोंची उत्तरे नागरिकास त्याच्या भाषेत मिळाली पाहिजेत.

७. आक्षेप आणि उपाय

मोफत सेवा वापरल्या नाहीत तर खर्च वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. तहसील कार्यालयाने स्वतःचा चित्रफीत-सर्व्हर चालवावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि बरेचसे उपाय अल्पखर्चाचे आहेत. अक्षरसंच स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात. चित्रफितीच्या जागी आधी स्थिर चित्र दाखवून, टिचकी मारल्यावरच ती आणता येते. भेटींची मोजणी माटोमोसारख्या मुक्त प्रणालीने स्वतःच्या सर्व्हरवर करता येते. नकाशासाठी इस्रोचे ‘भुवन’ आहे. आणि काहीच बदलता येत नसेल, तर पानावर कोणाकोणाच्या सेवा आहेत याची यादी देण्यास खर्च येत नाही.

महाविद्यालयांनाही यातून वगळता येणार नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती व माजी विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी आधार क्रमांक, जात आणि बँक खाते एखाद्या मोफत ऑनलाइन फॉर्ममध्ये मागवण्याची पद्धत रूढ होत आहे. अनुदानित संस्थेसमोर विद्यार्थ्याची स्थिती शासनासमोरील नागरिकासारखीच असते. त्यालाही नकार देता येत नाही. कोणती माहिती खरोखर लागते, ती कोठे साठते आणि केव्हा पुसली जाईल, एवढे तीन प्रश्न प्रत्येक फॉर्मपूर्वी विचारले गेले तरी पुष्कळ साध्य होईल.

८. निष्कर्ष

शासकीय संकेतस्थळांवरील गोपनीयता धोरण हा आज औपचारिक मजकूर राहिला आहे. तो स्वतःपुरता खरा आहे, पण त्रयस्थाबद्दल मूक आहे, आणि ग्रामीण नागरिकाच्या प्रत्यक्ष व्यवहारापासून दूर आहे. धोरणात त्रयस्थ सेवांची नावे असावीत, त्यांना टाळून सेवा मिळण्याचा मार्ग असावा, सेवा केंद्रांसाठी फाइली पुसण्याची व क्रमांक नोंदवण्याची आचारसंहिता असावी आणि हे सर्व लोकांच्या भाषेत सांगितले जावे, एवढी किमान अपेक्षा आहे. सातबारा मागण्यासाठी आलेला माणूस शासनाकडे आलेला असतो; त्याच्या येण्याची वार्ता अन्य कोणास द्यायची असेल, तर ती आधी त्याला सांगितली पाहिजे.