कथालेखकाची शाळा

कथालेखनाची कला कोणत्या ग्रंथावरून शिकावी, असे नवे लेखक पुष्कळदा विचारतात. गोंदिया जिल्ह्यातील, विशेषतः अर्जुनी-मोरगावकडील, लेखकास आमचे उत्तर असे की, त्याने प्रथम झाडीपट्टीचे नाटक पाहावे. दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपली म्हणजे, गावोगावी मंडप उभे राहतात आणि दिवसभर राबलेला शेतकरी रात्रभर जागून नाटक पाहतो. त्यास पहाटेपर्यंत खिळवून ठेवणे ही सामान्य विद्या नव्हे. प्रश्न केव्हा उपस्थित करावा, उत्तर किती लांबवावे, शोकाने मन जड झाले असता विनोदी पात्र केव्हा आणावे, हे तेथे उत्तम शिकता येते. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिला हलकी समजणाऱ्या विद्वानांनी याचा विचार करावा.

तथापि ही शाळा अर्धीच होय. अशा नाटकांत भाऊ भावाचा वैरी होतो, तो बहुधा खलपुरुषाच्या कपटाने. प्रत्यक्षात कपटाची गरज पडत नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाण्यावर येथे धान पिकत आले आहे. पाऊस लांबला, तलाव आटला, की तलावाजवळच्या बांधीतील भावाचे पीक तरते, शेवटच्या बांधीतील भावाचे वाळते. दोघेही सज्जन; तरी बोलणे तुटते. खलपुरुषावाचून घडणारे हे वैर आमच्या कथेत क्वचितच आढळते. उत्कंठा मंडपात शिकावी. तिचे कारण मात्र लेखकाने बांधावर जाऊनच शोधावे, असे आमचे मत आहे.