मुलांचे नाटक आणि मोठ्यांची चौकशी

कोणत्याही कलाकृतीसमोर समीक्षकाने दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. ती काय सांगते, आणि कोणाला सांगते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यापूर्वीच ज्याची परीक्षा पोलीस ठाण्यात झाली, अशा एका नाट्यप्रयोगाविषयी येथे लिहावयाचे आहे. तो आपल्याच जिल्ह्यात, कमठाण्यापासून काही कोसांवर झाला. आपल्या बैठकींत त्याविषयी कुजबूज पुष्कळ झाली; चर्चा मात्र झाली नाही.

जानेवारी २०२० मध्ये बिदर शहरातील शाहीन शाळेत प्राथमिक वर्गांतील मुलांनी एक छोटे नाटक सादर केले. नागरिकत्व सुधारणा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये संमत झाला होता. त्यापूर्वी, ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस, आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली होती आणि १९ लाखांहून अधिक माणसांची नावे तीत नव्हती. अशीच नोंदणी देशभर होणार, या बोलवेने घराघरांत पेट्या उपसल्या जात होत्या. बापजाद्यांचे कागद दाखवा, नसतील तर देश सोडा, असे कोणी म्हणाले तर आपले काय होईल, ही त्या नाटकातली भीती. घरात मोठी माणसे जे दबक्या आवाजात बोलत होती, तेच मुलांनी मंचावर मोठ्याने बोलून दाखवले.

पुढचा घटनाक्रम सर्वज्ञात आहे. तक्रार झाली, राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला आणि ३० जानेवारीला मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई यांना अटक झाली. दोघींना जामीन मिळाला तो १४ फेब्रुवारीला. ते दोन आठवडे ती मुलगी आईवाचून राहिली. दरम्यान पोलीस पुनःपुन्हा शाळेत आले आणि संवाद कोणी लिहिला, कोणी शिकवला, असे मुलांना विचारीत राहिले. मुलांशी बोलताना पोलिसांनी गणवेशात असू नये, असा बालन्यायाच्या नियमांचा दंडक आहे. गणवेशातील, शस्त्रधारी पोलीस मुलांसमोर बसल्याची छायाचित्रे उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यावर गंभीर आक्षेप नोंदवला. अखेर जून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी पीठाने तो गुन्हाच रद्द ठरवला.

नाटक म्हणून हा प्रयोग निर्दोष होता, असे आमचे म्हणणे नाही. त्यात पंतप्रधानांना उद्देशून पादत्राणाची भाषा करणारे एक वाक्य होते. ते वाक्य मुलाचे नव्हे. ते मोठ्यांच्या सभांमधून, मोठ्यांच्या रागातून आले आणि मुलाच्या ओठी बसवले गेले. जेथे ही मुले कागदांविषयी बोलतात तेथे त्यांचे स्वतःचे भय बोलते, आणि जेथे ती घोषणा देतात तेथे ते भय ओसरून नुसता आवाज उरतो. बालनाट्याचा हा नेहमीचा दोष आहे. आपल्या मराठी रंगभूमीवर मोठी माणसे मुलांच्या तोंडी बोध घालत आली. येथे त्यांनी रोष घातला, एवढाच फरक. परंतु ही चूक दिग्दर्शनाची आहे. तिची जागा समीक्षेत आहे, दंडसंहितेच्या कलमांत नाही.

गुन्हा रद्द करतानाही न्यायालयाने शाळांना एक सल्ला दिला. मुलांची नाटके सर्जनशील आणि अभ्यासाची गोडी वाढवणाऱ्या विषयांवर असावीत, चालू राजकारणाने कोवळ्या मनांवर परिणाम होतो, असा त्याचा आशय आहे. या सल्ल्यामागची कळकळ आम्हांस मान्य आहे. पण कोवळ्या मनावर परिणाम करणारे राजकारण त्या मुलांच्या घरी नाटकाच्या आधीच पोहोचले होते. आजी ट्रंक उघडून बसली होती आणि बाप नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी कचेरीत खेटे घालीत होता. हे पाहणाऱ्या मुलाला राजा-राणीचे नाटक दिल्याने त्याचे भय जात नाही. ते फक्त मोठ्यांच्या नजरेआड होते.

भय नजरेआड गेले की त्याचे काय होते, हे जाणण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. गायकवाड तर आपल्या शेजारच्या लातूर भागातले. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्त केले, त्यांपैकी एका जमातीतील मुलाचे हे आत्मकथन. पोलीस घरात शिरतात, झडती घेतात, मोठ्यांना मारतात आणि एक मूल हे सारे पाहत असते. ‘उपरा’तील मूल गाढवांच्या पाठीवरल्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरते आणि प्रत्येक गावी परकेच ठरते. या पुस्तकांच्या भाषेचा आणि धाडसाचा गौरव आपल्या समीक्षेने केला, दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कारही मिळाले. पण एक प्रश्न आपण फारसा विचारला नाही. मुलाने पाहिलेले कागदावर यावयास इतकी वर्षे का लागली? उत्तर सरळ आहे. त्या वयात त्याला विचारणारे कोणी नव्हते, आणि विचारणारा जो येई तो गणवेशात येई.

बिदरच्या मुलांचे नाटक आम्हांस या ठिकाणी महत्त्वाचे वाटते. ज्या भीतीचे साहित्य एरवी माणूस प्रौढ झाल्यावर लिहितो, ती भीती या मुलांनी त्याच दिवसांत, त्याच वयात, वेडीवाकडी का होईना, बोलून दाखवली. खेळातून, चित्रांतून, सोंगातून मुलाला बोलते करणे हा मनोवैद्यकातील एक मान्य उपचारही आहे. येथे मुले आपण होऊन बोलली, आणि आपण त्यांना शिकवले की बोलल्याने आई तुरुंगात जाते. हा धडा न्यायालयाच्या कोणत्याही निकालाने पुसला जात नाही.

हे दुसऱ्यांचे दुःख आहे, असे कोणाला वाटेल. पण आपली घराणी या मुलखात केव्हा आली, याचा कागद किती घरांत आहे? जे आहेत ते मोडीत किंवा फारसी-उर्दूत; ते वाचणारा आता गावात शोधावा लागतो. निजामाच्या राज्यात नोकरीसाठी मुलकी असल्याचा दाखला लागे आणि त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट असे, हे आपल्या आजोबांनी अनुभवले आहे. रझाकारांच्या काळात सरहद्दीवरची कित्येक कुटुंबे रातोरात सोलापूरकडे निघून गेली. आमचे वडील त्यांत होते, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर रात्री कोणी कडी वाजवली की ते आधी दिवा मालवीत आणि मग दाराशी जात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भीतीने घर बदलले. बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे. त्याच काळात संस्थानातील अरब-पठाणांना परकीय ठरवून पकडण्यात आले आणि अनेकांना देशाबाहेर धाडण्यात आले. त्यांत इथेच जन्मलेलेही होते. त्यांच्या घरांतूनही मुले दाराकडे पाहत बसली असतील. त्यांचे ‘उचल्या’ कोणी लिहिले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्ह्याचे तुकडे झाले आणि आपण जागचे न हलता दुसऱ्या राज्याचे झालो.

आज आपल्यापैकी अनेकांची नातवंडे अमेरिकेत आहेत. तेथे २०१८ मध्ये सरहद्द ओलांडून आलेल्या आईबापांपासून हजारो मुले वेगळी काढली गेली. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा विलगतेचा ताण मुलाला दीर्घकाळ अपाय करतो, असे जाहीरपणे सांगितले. रडणाऱ्या मुलांची ध्वनिफीत जगाने ऐकली आणि जूनमध्ये ते धोरण मागे घ्यावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये शाळा व रुग्णालयांसारख्या ठिकाणी अशा कारवाया टाळण्याचा तेथील दंडकही काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, त्यांत बालकेही होती. कायद्याने गेलेल्यांची मुलेही निर्धास्त नाहीत. आईबापांच्या आधाराने व्हिसावर राहणारे मूल २१ वर्षांचे झाले की तो आधार संपतो, आणि ज्या देशात ते वाढले तेथेच त्याला परके व्हावे लागते. आपल्या नातवाने या भीतीवर शाळेत नाटक केले, तर तेथील पोलिसाने त्याची चौकशी करावी, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय?

कोण नागरिक आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. त्या अधिकाराच्या कचेरीतच आमची हयात गेली. पण कागद तपासताना समोर मूल उभे असते, ही बाब आमच्या कोणत्याही नमुन्यात नव्हती.

एक प्रसंग सांगून थांबतो. सेवेच्या आरंभीच्या काळात एका गावाबाहेरच्या पालांवर आम्ही शिधापत्रिकांच्या पडताळणीस गेलो होतो, बरोबर पोलीस शिपाई होता. वास्तव्याचा पुरावा विचारताच बापाने मान खाली घातली. पालातून सात-आठ वर्षांचा मुलगा पाटी घेऊन बाहेर आला. शिपायाकडे पाहत पाहत त्याने पाटीवर आपले नाव लिहिले, खाली गावाचे नाव लिहिले आणि ती पाटी आमच्यापुढे धरली. अक्षर चांगले होते. आम्ही त्याला शाबासकी दिली आणि अहवालात ‘पुरावा नाही’ असे लिहून पुढच्या पालाकडे गेलो.

बिदरच्या त्या नाटकाविषयी वाचले, तेव्हा ती पाटी आठवली. मुलाने आपल्या परीने उत्तर दिले होते. ते वाचावयाचे काम आमचे होते.