‘लाल मोटार’ : एका प्रतीकाचा विचार

युद्धकथा म्हटली की रणांगण, तोफा आणि पराक्रम यांची वाचक अपेक्षा करतो. लुईस अर्ड्रिक या अमेरिकन लेखिकेच्या ‘द रेड कन्व्हर्टिबल’ या लघुकथेत यांपैकी काहीच नाही. व्हिएतनामचे युद्ध कथेच्या मध्यभागी असूनही ते पडद्याआडच घडते. आपल्यासमोर येतात ते नॉर्थ डकोटातील चिपेवा या आदिवासी समाजातील दोन भाऊ, हेन्री आणि लायमन, व त्या दोघांची उघड्या टपाची लाल मोटार. लेखिका याच समाजातील असून, ‘लव्ह मेडिसिन’ (१९८४) या तिच्या पुस्तकात ही कथा समाविष्ट आहे.

मोटार हे बंधुप्रेमाचे प्रतीक आहे, असे म्हणून टीकाकार बहुधा थांबतात. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. या प्रतीकाला अर्थ येतो तो मोटारीच्या बाबतीत भाऊ जे जे करतात त्यामुळे. परतीच्या पेट्रोलपुरते पैसे राखून दोघे ती विनिपेगला विकत घेतात आणि उन्हाळाभर तीतून भटकतात. सैन्यात जाताना हेन्री आपली किल्ली धाकट्याकडे टाकतो. लायमन मात्र मोटार थोरल्याचीच मानून तिची निगा राखतो. मराठी वाचकाला येथे भरताने सांभाळलेल्या पादुका आठवल्यावाचून राहणार नाहीत. पण भरताचा राम परत आला. येथे परत येतो तो पूर्वीचा हेन्री नव्हे.

शत्रूच्या कैदेतून सुटून आलेला हा माणूस दूरचित्रवाणीसमोर खुर्ची घट्ट धरून बसतो. ओठ चावला जाऊन रक्त ओघळते, आणि रक्ताने भिजलेली भाकर तो तशीच खातो. युद्धाचे एकही वर्णन न करता लेखिकेने येथे सारे युद्ध सांगितले आहे. अशा मनोविकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली. या कुटुंबाजवळ ना नाव आहे, ना विश्वासाचा वैद्य. मग लायमन हातोडा घेऊन मोटारच मोडून ठेवतो. ती दुरुस्त करण्याच्या निमित्ताने तरी भाऊ सावरेल, ही त्याची आशा. शब्दांनी जे बोलता येत नाही ते त्याचे हात बोलतात. मोटार दुरुस्त होते. भाऊ होत नाही. लायमनने ती मुद्दाम मोडली होती हे हेन्रीला कळलेले असते, हा तर या कथेचा सर्वांत करुण भाग होय.

पुराने फुगलेल्या रेड नदीत हेन्री उडी घेतो. तो अपघात की आत्मघात, याचा निवाडा लेखिका देत नाही. तो न देणेच योग्य, कारण सांगणाऱ्या धाकट्या भावालाही तो करता येणार नाही. छायाचित्रातील हेन्रीच्या चेहऱ्यावरील सावल्यांकडे मात्र तिने वाचकाचे लक्ष जरा अधिकच वेधले आहे. तेथे प्रतीक सहज उमललेले न वाटता योजलेले वाटते.

शेवटी लायमन मोटार नदीत लोटतो. तिचे दिवे पाण्याखालीही काही काळ जळत राहतात, जणू बुडालेल्या भावाला शोधत आहेत. दोघांची वस्तू एकट्याने ठेवायची नाही, एवढाच त्याचा शोक. विलापाचा एक शब्दही न उच्चारता तो आपल्यापर्यंत पोहोचतो, यातच या कथेचे मोठेपण आहे.