कल चाचणीने काय सांगितले, काय नाही

दहावीनंतर विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घ्यावा, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात २०१६ साली झाला. राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोठे आहे, याचा अहवाल त्याच्या हाती पडला. हा उपक्रम पुढे काही वर्षे चालला. अशाच चाचण्या आज खासगी समुपदेशकही घेतात. म्हणून त्यांचे मोल तपासून पाहणे शिक्षकांना उपयोगाचे ठरेल.

या उपक्रमाचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्यापलीकडेही क्षेत्रे आहेत, हे त्याने घरोघर पोचवले. निर्णयाच्या वेळी निदान एकदा तरी मुलालाच विचारले गेले.

आमचा पहिला आक्षेप मोजमापाविषयी आहे. अशी चाचणी मुख्यतः आवड मोजते. आवड म्हणजे क्षमता नव्हे. शिवाय आवड ओळखीवर अवलंबून असते. नाशिकचेच पाहा. सातपूर आणि अंबडला औद्योगिक वसाहती आहेत, ओझरला १९६४ साली स्थापन झालेला विमान कारखाना आहे. पण ज्या मुलीने लेथवर धातू कापला जाताना कधी पाहिलेच नाही, तिने ‘यंत्रकाम आवडते का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले, तर त्यातून तिचा कल कळतो की तिच्या अनुभवाची मर्यादा?

दुसरा आक्षेप सात कप्प्यांविषयी. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांचा ठरावीक मारा केला की कांद्याच्या कोंबातील पेशींचे विभाजन थांबते आणि साठवणीत कांद्याला कोंब फुटत नाहीत. हे काम शेतीचे, जीवशास्त्राचे, भौतिकशास्त्राचे की अभियांत्रिकीचे? अर्थात सगळ्यांचेच. मुलांना मात्र आपण एका कप्प्याचे नाव देऊन घरी पाठवतो.

तिसरा आक्षेप आपल्या विश्वासाविषयी. ‘अहवाल अगदी बरोबर निघाला’ असे पालक म्हणाले, तर तो पुरावा मानता येईल काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ स्वभाववर्णन दिले. त्याच्या अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता! हा प्रयोग वर्गात सहज करता येतो, आणि जरूर करावा. अहवाल पटणे आणि तो खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीची खरी परीक्षा काही वर्षांनी होते: तिने दाखवलेल्या वाटेने गेलेली मुले तेथे रमली का, आणि न गेलेल्यांचे काय झाले, हे ताडून पाहिल्यावर.

मग शिक्षकांनी काय करावे? आम्हाला दोन गोष्टी सुचतात. नववीपासूनच ओळख वाढवावी. एखादे वर्कशॉप, प्रयोगशाळा, कांद्याची चाळ, दवाखाना पाहावा आणि तेथे काम करणाऱ्यांना ‘तुम्ही काय शिकलात?’ असे मुलांनीच विचारावे. दुसरे म्हणजे, वाटा कोठे एकमेकींना मिळतात हे फळ्यावर काढून दाखवावे. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, नियमांत बसल्यास थेट प्रवेश मिळतो. नोकरी करता करता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे.

पंधराव्या वर्षी घेतलेला निर्णय जन्मभराचा नसतो, हे कळले की मुलाच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. कल चाचणीचा कागद या संवादाची सुरुवात म्हणून वापरावा. निकालपत्र म्हणून मुळीच वापरू नये.