सागातला देव

सातपुड्यातल्या लाकडी कोरीवकामाचा नकाशा काढला, तर यावल दोन परंपरांच्या मधे येतं. पूर्वेला मेळघाटात कोरकू आपल्या मृतांसाठी सागाचा खांब कोरतात. तो मुंडा, सिडोलीच्या विधीत तो रोवतात, त्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार असतात. पश्चिमेला नंदुरबारचं टोक ओलांडून डांगात गेलं की शिवेवर वाघदेव. खुद्द यावल-रावेरच्या पाड्यांवर पावरा-बारेलांना इंदल पूजेसाठी कळंबाच्या फांद्या पुरतात. देव तिथं झाडातच असतो, कोरावा लागत नाही.

वाघदेव जवळून पाहावा. सागाची जाड फळी, माथ्यावर सूर्य-चंद्र, खाली वाघ आणि नाग. उठाव थोडाच, पण रेघ ठाम. पटाशीचे घाव घासून काढलेले नसतात. शेंदूर त्या खाचांतच धरून राहतो. वाघबारशीला गुराखी पूजतात ते हे लाकूड. उन्हापावसात ते झिजतं, वाळवी लागते आणि शेजारी नवं उभं राहतं. म्हणजे ही कला टिकते ती पुन्हा पुन्हा कोरण्यातून.

आपली संग्रहालयं नेमकं हेच विसरतात. काचेआड ठेवलेल्या खांबाखाली जमातीचं नाव असतं, कोरणाऱ्याचं क्वचितच. पश्चिम आफ्रिकेचंही असंच झालं. आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांनी झाडीतल्या आत्म्यांसाठी घडवलेल्या मूर्तींवर नैवेद्याचा थर चढतो; संग्राहकांच्या हाती पडल्यावर कितीतरी मूर्ती घासूनपुसून चकचकीत केल्या गेल्या. तरी पश्चिम आफ्रिकेतल्याच योरुबा शिल्पकार ओलोवेचं नाव आज जग घेतं. आपल्याकडे वारली चित्रांनी जिव्या सोमा म्हसे हे नाव दिलं, 2011 साली पद्मश्रीही मिळाली. सातपुड्याच्या लाकडाला असं एकही नाव नाही, आणि ही उणीव कोरणाऱ्यांची नाही, आम्हा लिहिणाऱ्यांची आहे.

वाघदेवावर ऑइलपेंट आला म्हणून अभ्यासक हळहळतात. मला त्यात ऱ्हास दिसत नाही. पिवळ्याधमक वाघावर काळे पट्टे ओढणारा हात त्याच श्रद्धेचा आहे. ऱ्हास सिमेंटमध्ये आहे. सिमेंटचा देव कुजत नाही, म्हणून पुन्हा घडवावा लागत नाही, आणि बापाच्या शेजारी बसून पटाशी धरायची वेळ पोरावर येतच नाही.

सिमेंट येण्याचं एक साधं कारण म्हणजे लाकूड. पूर्वी देवासाठीचा साग रानातून यायचा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर हक्क दिला, पण इमारती लाकूड त्यात बसत नाही. एका देवापुरता एक बुंधा, तोही ग्रामसभेच्या ठरावानं, एवढी वाट वनखात्यानं मोकळी केली तर कोरणारे अजून आहेत.